व्हार, रिव्ह्यू-कार्ड की नुसती शिट्टी? स्पर्धा भरवणाऱ्यांसाठी एक तुलना

पाऊस उघडला की नवी मुंबईत फुटबॉल स्पर्धांची पोस्टरं फिरायला लागतात. सेव्हन-अ-साइड, फाइव्ह-अ-साइड, पंधरा वर्षांखालची मुलं, कंपन्यांच्या लीग. ठाण्यात घोडबंदर रोडच्या दोन्ही बाजूंना तेच. आणि आयोजकांच्या बैठकीत हल्ली एक प्रश्न हमखास निघतो: यंदा व्हिडिओ रिव्ह्यू ठेवायचा का? विचारणारा बहुधा पहाटे साडेतीनपर्यंत चॅम्पियन्स लीग बघून आलेला असतो. समोर बसलेले जुने रेफरी काका चहात बिस्किट बुडवत "कशाला?" एवढंच म्हणतात. मग मूळ विषय राहतो बाजूला आणि पुढचा तासभर लिव्हरपूल, आर्सेनल आणि कतारवरून भांडण जुंपतं.

त्या भांडणात दोन्ही बाजू बरंच खरं बोलतात. पण त्यातलं आपल्या टर्फला, म्हणजे कृत्रिम गवताच्या छोट्या मैदानाला, किती लागू पडतं, हे कुणी बघत नाही. म्हणून ही तुलना. माझं मत आधीच सांगतो: साखळी फेरीत काही नको. उपांत्य आणि अंतिम सामन्याला प्रत्येक संघाला एक रिव्ह्यू द्या, आणि तो रेफरीने स्वतः स्क्रीनवर बघावा. खोलीत बसून रेफरीच्या कानात बोलणारा माणूस, म्हणजे खरा व्हार (व्हिडिओ असिस्टंट रेफरी), त्याच्या वाटेलाच जाऊ नका.

व्हिडिओ म्हणजे नेमकं काय काय

बैठकीत सगळे "व्हार, व्हार" म्हणतात, पण प्रत्येकाच्या डोक्यात वेगळंच काहीतरी असतं.

गोल-लाइन तंत्रज्ञान सगळ्यात साधं. चेंडू रेषेपार गेला का, एवढाच प्रश्न, आणि उत्तर सेकंदाच्या आत रेफरीच्या घड्याळावर. २०१० च्या विश्वचषकात जर्मनीविरुद्ध इंग्लंडच्या लॅम्पार्डचा ढळढळीत गोल नाकारला गेला. २०१२ च्या युरोत इंग्लंडविरुद्ध युक्रेनचा गोल तसाच हुकला. त्यानंतर महिन्याभरातच, जुलै २०१२ मध्ये, खेळाचे नियम ठरवणाऱ्या इफाबने या तंत्राला परवानगी दिली. युक्रेनच्या सामन्यात गोलपोस्टजवळ खास त्यासाठी नेमलेला जादा पंच उभा होता, तरीही चेंडू आत गेलेला त्याला दिसला नाही. हे पुढे लागणार आहे, म्हणून आत्ताच नोंदवून ठेवतो.

दुसरा पूर्ण व्हार. २०१६ मध्ये चाचण्यांना मंजुरी मिळाली, मार्च २०१८ मध्ये तो नियमांत आला आणि त्याच उन्हाळ्यात रशियातल्या विश्वचषकात वापरला गेला. तिथली पहिली व्हार-पेनल्टी फ्रान्सच्या ग्रीझमनला मिळाली, ऑस्ट्रेलियाविरुद्ध. मूळ चौकट चार गोष्टींची: गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि चुकीच्या खेळाडूला दाखवलेलं कार्ड. त्यातही चूक "स्वच्छ आणि उघड" असेल तरच हात घालायचा. प्रशिक्षकाने किंवा खेळाडूने मागून रिव्ह्यू मिळत नाही. उलट हवेत चौकोन काढून फार नाचलात तर पिवळं कार्ड.

तिसरा व्हार-लाइट. कल्पना तीच, कॅमेरे आणि माणसं कमी. आपल्या कामाचा नाही, सोडून देऊ.

चौथा प्रकार मात्र नीट समजून घ्या. फुटबॉल व्हिडिओ सपोर्ट, म्हणजे एफव्हीएस. यात व्हिडिओ पंच नसतोच. प्रशिक्षकाला सामन्यात दोन वेळा दाद मागता येते. तो हवेत बोट फिरवतो, चौथ्या पंचाच्या हातात कार्ड देतो, आणि मैदानावरचा रेफरी स्वतः येऊन स्क्रीन बघतो. दाद बरोबर ठरली तर ती संधी शाबूत राहते, चुकली तर गेली. क्रिकेटचा डीआरएस बघून मोठ्या झालेल्या आपल्या पोरांना हे समजावायला दोन मिनिटं लागत नाहीत. २०२४ च्या कोलंबियातल्या वीस वर्षांखालच्या मुलींच्या विश्वचषकात ते वापरलं गेलं, आणि २०२५-२६ च्या मोसमात इटलीच्या तिसऱ्या श्रेणीच्या लीगने, सेरी सीने, ते घेतलं. ज्यांच्याकडे कॅमेरे मोजके आणि पैसे त्याहून मोजके, त्यांच्यासाठीच हा प्रकार काढलाय.

"हवाच" म्हणणाऱ्यांचं खरं

या बाजूचं सगळ्यात जड उदाहरण परदेशी क्लबांचं नाही, आपलंच आहे. ११ जून २०२४, दोहा. विश्वचषक पात्रता फेरीत कतारविरुद्ध छांगटेच्या गोलने भारत १-० ने पुढे होता. जिंकलो असतो तर तिसऱ्या फेरीत गेलो असतो. ७३व्या मिनिटाला चेंडू गोलपोस्टच्या बाजूने रेषेबाहेर गेला, आपला गोलकीपर गुरप्रीत थांबला, कतारच्या खेळाडूने चेंडू बाहेरून आत ओढला आणि आयमेनने जाळ्यात मारला. गोल दिला गेला. त्या फेरीत व्हार नव्हता. भारत २-१ ने हरला आणि बाहेर पडला. त्या रात्री वाशीत काय, ठाण्यात काय, ज्यांनी सामना पाहिला त्यांच्यापुढे "चुका हा खेळाचाच भाग आहे" हे वाक्य उच्चारायची सोय राहिलेली नाही. चेंडू रेषेबाहेर गेला होता की नव्हता, याला मत लागत नाही. एक कॅमेरा पुरला असता.

दुसरं उदाहरण तर नेरुळचं. २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या मुलांच्या विश्वचषकाचा एक उपांत्य सामना, स्पेन विरुद्ध माली, डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाला. स्पेन २-० ने पुढे असताना मालीच्या दूकूरेने लांबून तोफ डागली. चेंडू आडव्या बारच्या खालच्या कडेला लागून रेषेच्या आत पडला आणि बाहेर उसळला. खेळ चालूच राहिला. रिप्लेत चेंडू आत दिसत होता, पण रिप्ले बघून निर्णय बदलायची सोय नव्हती. सामना ३-१ असा संपला. २-१ झालं असतं तर पुढे काय, हा वाद पाम बीच रोडवरच्या टपऱ्यांवर अजून निघतो. पाच वर्षांनी, २०२२ मध्ये, त्याच स्टेडियमवर सतरा वर्षांखालच्या मुलींच्या विश्वचषकाची अंतिम लढत झाली, स्पेनने कोलंबियाला १-० ने हरवलं, आणि त्या स्पर्धेत व्हार होता. म्हणजे व्हारशिवायचं फुटबॉल आणि व्हारसकटचं फुटबॉल, दोन्ही या शहराने घरच्या मैदानावर पाहिलंय.

तिसरं उदाहरण लोक देतात ते केरळा ब्लास्टर्सचं. ३ मार्च २०२३, बंगळुरूचं कांतीरवा स्टेडियम, आयएसएलचा (इंडियन सुपर लीगचा) बाद फेरीचा सामना. जादा वेळेत बंगळुरूच्या छेत्रीने बचाव करणाऱ्या खेळाडूंची भिंत उभी राहण्याआधीच फ्री-किक मारून गोल केला, आणि ब्लास्टर्सचे प्रशिक्षक वुकोमानोविच संघाला घेऊन मैदानाबाहेर निघून गेले. क्लबला ४ कोटींचा दंड झाला, प्रशिक्षकांवर दहा सामन्यांची बंदी. त्यानंतर "भारतात व्हार आणा" ही ओरड वाढली. मला हे उदाहरण लंगडं वाटतं. फ्री-किक लगेच घेऊ द्यायची की शिट्टीची वाट बघायला लावायची, हा रेफरीच्या अधिकाराचा प्रश्न. स्क्रीनवर तो दहा वेळा पाहिला असता तरी दोन्ही बाजू आपापल्या जागी ठाम राहिल्या असत्या.

या तीन उदाहरणांतच सगळी मेख आहे. पहिल्या दोन वेळा "काय झालं?" एवढंच विचारायचं होतं. तिसऱ्या वेळी प्रश्न होता "ते योग्य होतं का?" कॅमेरा पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो, दुसऱ्याचं देत नाही. आपल्याकडे व्हिडिओ मागणारे मात्र दुसऱ्याच जातीच्या भांडणानंतर मागतात: धक्का होता की नव्हता, हात मुद्दाम होता की चुकून.

"नको" म्हणणाऱ्यांचं खरं

इकडची बाजू ऐकायची तर नॉर्वेला जावं लागतं. तिथे २०२३ मध्ये व्हार आला. जुलै २०२४ मध्ये रोझनबर्ग विरुद्ध लिलेस्ट्रोम सामन्यात प्रेक्षकांनी मैदानात माशाचे वडे आणि टेनिसचे चेंडू फेकले, इतके की सामना सोडून द्यावा लागला. पुढे क्लबांनी १९ विरुद्ध १३ मतांनी व्हार काढून टाकायची शिफारस केली, पण मार्च २०२५ मध्ये फेडरेशनच्या सभेने तो कायम ठेवला. शेजारच्या स्वीडनमध्ये क्लबांचं बहुमत सभासदांच्या हातात असतं. तिथे चाहत्यांनी सभेत हात वर करून व्हार रोखला. इंग्लंडमध्ये वुल्व्ह्‌ज क्लबने २०२४ मध्ये व्हार रद्द करायचा ठराव आणला आणि तो १९-१ असा पडला. म्हणजे मालक टीव्हीकडे बघून मत देतात आणि चाहते स्टँडमधून. व्हारचं दुखणं स्टँडमध्येच जास्त आहे, कारण तिथे काहीच कळत नाही. गोल झाला, शेजाऱ्याला मिठी मारली, रेफरीने कानाला हात लावला, आणि मग तीन मिनिटं चाळीस हजार लोक गप्प. घरी सोफ्यावर बसलेल्याला सगळे अँगल दिसतात. तिकीट काढून आलेला मोबाइलवर घरच्याला विचारतो, "काय चाललंय रे?" २०२३ च्या महिला विश्वचषकात रेफरी माइकवरून निर्णय सांगायला लागले, तेव्हा कुठे थोडं बरं झालं.

आणि माणूस आहे तिथे चूक आहेच. ३० सप्टेंबर २०२३, टॉटनहॅम विरुद्ध लिव्हरपूल. लिव्हरपूलच्या लुइस दियाझचा गोल मैदानावर चुकून ऑफसाइड (पास सुटला तेव्हा खेळाडू बचावपटूंच्या पुढे) ठरवला गेला. व्हिडिओ पंचाने बघितलं, दियाझ ऑनसाइड होता. पण मैदानावर गोल दिलाय अशीच त्याची समजूत होती, म्हणून त्याने "तपासणी पूर्ण" सांगून टाकलं. खेळ सुरू झाला. मग खोलीतल्या खोलीत धावाधाव. एकदा खेळ पुन्हा सुरू झाला की मागे जाता येत नाही, हा नियम. लिव्हरपूल २-१ ने हरलं. कॅमेरे चोख होते, रेषा चोख होत्या, घात झाला तो दोन माणसांच्या बोलण्यात. कोपरखैरण्याचा माझा एक लिव्हरपूलवाला मित्र या सामन्याचं नाव काढलं की अजून जेवण अर्धं सोडतो.

यंत्रावर डोळे मिटून विश्वास ठेवणाऱ्यांनी १७ जून २०२० चा अ‍ॅस्टन व्हिला विरुद्ध शेफील्ड युनायटेड सामना आठवावा. व्हिलाचा गोलकीपर नायलँड चेंडू पोटाशी धरून गोलच्या आत गेला. गोल-लाइनच्या सातही कॅमेऱ्यांसमोर नेमके खेळाडू आणि पोस्ट आडवे आले, रेफरीचं घड्याळ वाजलंच नाही, आणि व्हारही गप्प राहिला. सामना ०-० सुटला. मोसमाअखेर व्हिला एका गुणाने वाचलं, बोर्नमथ खालच्या श्रेणीत गेलं.

आता आपल्या टर्फवर या

ऑफसाइडपासून सुरू करू, कारण जगभरातला व्हारचा निम्मा तमाशा ऑफसाइडचा आहे. काख पुढे होती, बुटाचं टोक पुढे होतं. त्यासाठी कतारच्या विश्वचषकात छताखाली १२ कॅमेरे बसवले, ते प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरचे २९ बिंदू सेकंदाला ५० वेळा टिपायचे, आणि चेंडूतला सेन्सर सेकंदाला ५०० वेळा नोंद पाठवायचा. स्पर्धेच्या पहिल्याच सामन्यात, तिसऱ्याच मिनिटाला, इक्वाडोरच्या व्हॅलेन्सियाचा गोल त्यावरून रद्द झाला. आपल्या फाइव्ह-अ-साइड आणि सेव्हन-अ-साइडमध्ये बहुतेक ठिकाणी ऑफसाइडच नसतो. म्हणजे सगळ्यात महागडी, सगळ्यात वादग्रस्त गोष्ट आपल्या दारात येतच नाही.

मग उरतं काय? चेंडू आत की बाहेर, हँडबॉल, धक्काबुक्की, आणि टर्फची खास भांडणं: चेंडू वरच्या जाळीला लागला का, बाजूच्या जाळीला लागून परत आला का, गोलच्या फाटक्या नेटमधून आत शिरला का.

शेवटचं हसण्यावारी नेऊ नका. सीवूड्सच्या एका टर्फवर एका अंतिम सामन्यात मी ते समोर पाहिलंय. चेंडू पोस्टच्या बाहेरच्या बाजूने नेटवर आपटला आणि दुसऱ्या क्षणी आत. एक संघ नाचतोय, दुसरा रेफरीभोवती कोंडाळं करून उभा. कुंपणाबाहेरच्या पालकांचे मोबाइल वर झालेले, आणि प्रत्येकाच्या व्हिडिओत काहीतरी वेगळंच: एकात गोलकीपरची पाठ, एकात कुंपणाच्या जाळीचे चौकोन, एकात फक्त आरडाओरडा. रेफरी काका शांतपणे गोलकडे गेले, नेट चाचपलं आणि एका जागी बोटं आरपार घातली. पोस्टला बांधलेली नायलॉनची गाठ सुटली होती. संपला विषय. हेच २०१३ मध्ये जर्मनीच्या बुंडेसलिगात झालंय. लेव्हरकुसेनच्या किसलिंगचा हेडर बाजूच्या नेटच्या भोकातून आत गेला, गोल दिला गेला, आणि सामना पुन्हा खेळवायची हॉफेनहाइमची मागणीही फेटाळली गेली. सामन्याआधी नेट तपासायला पाच मिनिटं लागतात. व्हिडिओवर एक पैसा घालण्याआधी ती पाच मिनिटं घाला.

आता कॅमेऱ्याचं गणित, कारण बैठकीत "मोबाइल लावू की स्टँडवर" म्हणणारा एकजण असतोच.

साधा मोबाइल सेकंदाला ३० चित्रं घेतो. बरा फटका ताशी ७२ किलोमीटरने जातो, म्हणजे सेकंदाला २० मीटर. दोन चित्रांच्या मध्ये चेंडू ६५ सेंटीमीटरहून जास्त पुढे सरकलेला असतो. चेंडूचा व्यास २२ सेंटीमीटर. म्हणजे एका चित्रात चेंडू रेषेच्या अलीकडे आणि पुढच्या चित्रात गोलकीपरच्या हातात, मधलं काहीच नाही. स्लो-मोशनला सेकंदाला २४० चित्रं मिळाली तर हेच अंतर ८ सेंटीमीटरवर येतं, मग काहीतरी कळतं. पण स्लो-मोशनला उजेड भरपूर लागतो. संध्याकाळी सातनंतर एलईडीखाली ते चित्र काळपट येतं आणि पट्टे लुकलुकतात. म्हणून आदल्या दिवशी, सामन्याच्याच वेळेला, त्याच दिव्यांखाली एकदा शूट करून बघा.

त्याहून महत्त्वाची कॅमेऱ्याची जागा. सेंटर लाइनवरच्या कॅमेऱ्यातून गोल-लाइनचा निर्णय द्यायचा नाही, कधीच नाही. तिरक्या कोनातून चेंडू आणि रेषा यांचं अंतर खोटं दिसतं. १ डिसेंबर २०२२ चा जपान-स्पेन सामना आठवा. मितोमाने रेषेवरून चेंडू मागे ओढला, तनाकाने गोल केला. बाजूच्या कोनातून बघणाऱ्या अख्ख्या जगाला चेंडू बाहेर दिसत होता. वरून काढलेल्या फोटोत दिसलं की चेंडूचा फुगीर भाग रेषेवर अजून तरंगतोय. जमिनीला टेकलेला भाग बाहेर असला तरी संपूर्ण चेंडू पार गेल्याशिवाय तो बाहेर नसतो. जपान २-१ ने जिंकलं आणि त्याच निकालाने जर्मनी घरी गेलं. तेव्हा कॅमेरा लावायचाच असेल तर गोल-लाइनच्या अगदी सरळ रेषेत, शक्य तितका उंच, दोन्ही गोलना एकेक. टर्फच्या कोपऱ्यातला जाळीचा खांब बहुतेक ठिकाणी सोयीचा पडतो. मधोमध एक तिसरा, धक्काबुक्कीसाठी. यापेक्षा जास्त लावू नका, बघायला माणूस नसतो.

खोलीतला पंच की प्रशिक्षकाचं कार्ड

आता खरी निवड. समजा कॅमेरे लावले. बघणार कोण आणि कधी?

व्हारच्या पद्धतीत कुणीतरी सतत बघत असतं. गोल झाला की तपासणी आपोआप होते, कुणी मागावी लागत नाही. संघांना हे सोयीचं. पण त्यासाठी सामनाभर स्क्रीनला चिकटलेला, नियम माहीत असलेला, दोन्ही संघांशी देणंघेणं नसलेला एक माणूस हवा, आणि रेफरीच्या कानात पोचणारी यंत्रणा. आपल्याकडे बरा रेफरी मिळायचीच मारामार. रविवारी सकाळी सातला शिट्टी फुंकायला लागलेला माणूस दुपारी दोनला त्याच टर्फवर सहाव्या सामन्यात उभा असतो. त्याच्यासारखाच दुसरा तुमच्या हाताशी असेल तर त्याला स्क्रीनसमोर बसवू नका, मैदानावर उतरवा. दोन रेफरी अर्धं-अर्धं मैदान वाटून घेतात तेव्हा निम्मे वाद जन्मालाच येत नाहीत. स्क्रीनसमोर मग आयोजकांपैकीच कुणीतरी बसतो, त्याचा भाचा एका संघात खेळत असतो, आणि पुढचं तुम्हाला माहीत आहे.

कार्डाच्या पद्धतीत जबाबदारी संघाकडे जाते. तुला खात्री आहे? मग माग. एकच संधी आहे. याचा परिणाम मजेशीर असतो: प्रत्येक थ्रो-इनवर "सर, सर!" म्हणून ओरडणारा कर्णधार अचानक विचार करायला लागतो. चुकीची दाद मागून संधी घालवली की त्याचेच साथीदार त्याला फैलावर घेतात, रेफरीला नाही. आणि निर्णय शेवटी शिट्टीवाल्याचाच राहतो, त्यामुळे त्याचा मानही राहतो. याचा तोटाही आहे. ज्याने दाद मागितली नाही किंवा ज्याची संधी संपली, त्याच्यावर ढळढळीत अन्याय झाला तरी तो तसाच राहतो. शेवटच्या मिनिटाला कार्ड न उरलेल्या संघाविरुद्ध चुकीचा गोल गेला तर चाहते तुम्हाला सोडणार नाहीत. ते झेपणार नसेल तर हा पर्यायही नको.

मला तरी हा तोटा परवडणारा वाटतो, वेळेमुळे. आपला सामना वीस-वीस मिनिटांचा, स्लॉट तासाभराचा. दोन रिव्ह्यू, प्रत्येकी तीन मिनिटं, म्हणजे सहा मिनिटं गेली. पुढचे दोन संघ बिब घालून गेटवर उभे, टर्फवाला घड्याळ दाखवतोय, आणि रात्री साडेदहानंतर सोसायटीतून दिव्यांबद्दल फोन. सगळ्या गोलांची आपोआप तपासणी ठेवलीत आणि सामना ६-५ असा सुटला, तर काय होईल बघा. सेव्हन-अ-साइडला हे काही विरळा नाही.

साखळी फेरीत काहीच नको म्हणतो तेही याचसाठी. दिवसाला आठ-दहा सामने, प्रत्येकाला रिव्ह्यू, संध्याकाळपर्यंत दोन तासांचा उशीर. शिवाय साखळीत चूक झाली तरी संघाला पुढचा सामना असतो. बाद फेरीत नसतो. साखळीत पैसे वाचले असतील तर दोन्ही गोलमागे एकेक जाणता माणूस उभा करा. युक्रेनच्या सामन्यात असाच माणूस चुकला, मान्य. पण नेट फाटलंय का, चेंडू वरच्या जाळीला लागला का, हे त्याला मोबाइलपेक्षा चांगलं दिसतं, आणि त्याची बॅटरी संपत नाही.

एक अडचण आधीच बघून ठेवा. तुमची स्पर्धा विफाच्या (वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनच्या) किंवा जिल्हा संघटनेच्या अधिकृत कार्यक्रमात असेल तर आपल्या मनाने व्हिडिओ सुरू करता येत नाही. व्हार वापरायचा तर आयोजकाला फिफाची सगळी प्रक्रिया पार करून लेखी परवानगी लागते, असं नियमातच आहे. खासगी टर्फ-स्पर्धेला हे बंधन व्यवहारात आड येत नाही, पण संलग्न असाल तर आधी संघटनेला विचारा.

पत्रकात काय छापायचं

ठरलं तर नियम प्रवेश अर्जासोबतच द्या, अंतिम सामन्याच्या सकाळी नव्हे. रिव्ह्यू कशाचा मागता येईल: गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड. बस. थ्रो-इन आणि कॉर्नर नाही. मागणार कोण: प्रशिक्षक, तो नसेल तर कर्णधार, आणि खेळ पुन्हा सुरू व्हायच्या आत. बघणार कोण: फक्त रेफरी, दोन मिनिटांत. दोन मिनिटांत स्वच्छ दिसलं नाही तर मैदानावरचा निर्णय कायम. स्क्रीनभोवती कुणी गर्दी केली तर पिवळं कार्ड. कॅमेरा बंद पडला, मेमरी भरली, दिवे गेले, तरी सामना वैध. मोठ्या स्पर्धांतही व्हार बिघडला म्हणून सामना रद्द होत नाही.

आणि एक वाक्य ठळक अक्षरांत: प्रेक्षकांच्या किंवा पालकांच्या मोबाइलमधलं चित्रण ग्राह्य धरलं जाणार नाही. हे नसेल तर बाकीचं सगळं पाण्यात. सामना संपल्यावर अर्ध्या तासाने कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर आठ सेकंदांची क्लिप घेऊन येतोच, आणि चषक टेबलावर तसाच पडून राहतो.

रेफरीने निर्णय माइकवर सांगावा, मराठीत, दोन वाक्यांत. टर्फवर बक्षीस समारंभासाठी स्पीकर आणलेलाच असतो. "निळ्या संघाची दाद. चेंडू पूर्ण रेषेपार गेला नव्हता, गोल नाही." कुंपणाबाहेरच्या माणसालाही कळलं पाहिजे. युरोपातल्या स्टेडियममध्ये ज्यावरून एवढा धिंगाणा झाला, त्यातला बराचसा या दोन वाक्यांनी टळतो.

हे सगळं टर्फवाल्यांसाठी झालं. तुमची स्पर्धा नेरुळच्या यशवंतराव चव्हाण मैदानासारख्या पूर्ण मैदानावर, अकरा-अकरांची असेल, तर ऑफसाइड परत आला. हिशेब बदलला. तीस चित्रांच्या मोबाइलवर, सेकंदाला आठ मीटरने धावणारा फॉरवर्ड दोन चित्रांमध्ये पाऊण फुटाहून जास्त सरकतो, बचावपटू उलट दिशेने निघाला असेल तर आणखी जास्त. त्यावरून ऑफसाइड देणं म्हणजे नाणं उडवणं. तिथे रिव्ह्यू फक्त लाल कार्ड आणि रेषेपार गेलेल्या चेंडूपुरता ठेवा. ऑफसाइडसाठी दोन प्रशिक्षित लाइनमन आणा, झेंड्यांसकट, आणि त्यांचं मानधन सामना सुरू व्हायच्या आधी हातात द्या.